मेंढरं सुटायच्या आधीचं नाव

सोजराबाईची आणि माझी ओळखच भांडणातून झाली. सेनगावहून येणाऱ्या एसटीत तिनं पदराखाली कोकरू लपवलं होतं आणि कंडक्टरनं ते पाहिलं. त्यानं तिकीट मागितलं, तर ही म्हणते, "लेकराला तिकीट लागतं व्हय?"

"लेकरू कुठंय मावशी, मेंढीचं पिल्लू आहे ते."

"मेंढीचं लेकरूच हाय. तुला काय दगडानं वाढवलं का?"

अख्खी बस हसली. मी पुढच्या सीटवर होते. मला गप्प बसवेना, म्हणून म्हटलं, मावशी, नियम असतो. झालं! कंडक्टर राहिला बाजूला आणि बाई माझ्यावर घसरली. "तू कोण गं नियमवाली? कुणाची सून? माहेर कुठलं?" मी कुरुंद्याची म्हटल्यावर, "तरीच! हळदीवाल्यांना मेंढराचं काय कळतंय," असं म्हणून तिनं पदर सारखा केला. कोकरू फुकटच आलं.

मी साधना. माळसावंगीचं वाचनालय मी चालवते. ग्रामपंचायतीच्या मागच्या दोन खोल्या, चार कपाटं, पेपर वाचायला येणारी म्हातारी माणसं आणि पोलीस भरतीची पुस्तकं न्यायला येणाऱ्या पोरी, एवढाच पसारा. कुठल्याशा योजनेतून आलेला एक कॉम्प्युटर आहे. मी येण्याआधी त्याच्यावर कायम फडकं टाकलेलं असायचं, देवासारखं. मी आले तशी ते फडकं फरशी पुसायला घेतलं.

सोजराबाई साठीच्या पुढची. नवरा रखमाजी दिवसातून एखादं वाक्य बोलतो, बाकीची सगळी हिच्या वाट्याला आलेली. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन दोघं बाहेर पडतात, लोकांच्या रानात मेंढरं बसवतात, खताच्या बदल्यात ज्वारी आणतात. बाई साधीभोळी म्हणाल तर अजिबात नाही. घोंगडीचा भाव गिऱ्हाइकाचं तोंड बघून सांगते. मिश्री लावून लावून दात काळे झालेत, पण हसायला लागली की सगळे दाखवते. तिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस मी तरी गावात पाहिला नाही.

तर एका दुपारी ही बाई चपला हातात घेऊन वाचनालयाच्या दारात उभी. मी बचत गटाच्या बैठकीत सांगितलं होतं, की शहरातल्या एका मोठ्या संस्थेनं आपलं जुनं भांडार इंटरनेटवर टाकलंय. पुस्तकं, फोटो, गावोगाव फिरून टेप केलेली बायांची गाणी, सगळं फुकट. त्यांनी खेड्यापाड्यातल्या वाचनालयांना कळवलं होतं, लोकांपर्यंत पोचवा म्हणून.

"ह्या मशीनीत जुनी माणसं सापडतेत म्हणं," सोजराबाई म्हणाली. "माझी जाऊ सापडती का बघ. रूपाबाई."

मला आधी काही कळेना. मग तिनं बसून सांगितलं. ती लग्न होऊन नवी नवी आली होती तेव्हा जीपमधून एक बाई आली होती, खांद्याला टेपचं मशीन अडकवून. मेंढरांच्या वाड्यापाशी बसून तिनं रूपाबाईचं गाणं भरून घेतलं होतं. रूपाबाई सोजराबाईची थोरली जाऊ. तिला जाऊन आता कितीतरी वर्षं झाली.

"तिचा फोटो न्हाई गं," सोजराबाई म्हणाली. "कुणी काढलाच न्हाई. घरात तिचं म्हणून काई राहिलं न्हाई. आवाज तरी असंल का, तेवढं बघ."

मी म्हटलं, बसा, पाच मिनिटांत काढते. आता आठवलं की माझं मलाच हसू येतं.

रूपाबाई टाकलं, काही नाही. माळसावंगी टाकलं, काही नाही. हिंगोली टाकलं तर हळदीवरची पुस्तिका आली. मेंढी टाकलं तर सरकारी योजनांची पानंच्या पानं. "सरकारनं कदी मेंढी वळली व्हय?" असं म्हणून सोजराबाईनं त्यांचा निकाल लावला. धनगर टाकलं तर लांब लांबच्या मुलखातले फोटो आले. ते मात्र तिनं सगळे बघायला लावले आणि प्रत्येकाच्या मेंढरांना नावं ठेवली. "ही काय मेंढी हाय? बकरी बरी!" दुपार गेली, रूपाबाई काही मिळाली नाही.

घरी भाकरी थापता थापता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगं बाई, ते टेपिंग झालं तेव्हा हिंगोली जिल्हा होता कुठं? तेव्हा आपण परभणीत होतो! दुसऱ्या दिवशी परभणी टाकलं, स्त्रीगीतं टाकलं, आणि धबाधबा नोंदी आल्या. पण नोंदी कशा? स्त्रीगीत, परभणी जिल्हा, गायिका अनामिक. खाली पुन्हा स्त्रीगीत, परभणी जिल्हा, गायिका अनामिक. गावाचा पत्ता नाही, बाईच्या नावाचा पत्ता नाही. माझं डोकंच सटकलं. कणग्या भरून ठेवायच्या, तोंडं लिंपून टाकायची आणि वर लोकांना सांगायचं, या, घेऊन जा! शोधायचं कशाच्या आधारानं? गाणाऱ्या बाईला नाव होतं ना? का ते टेपच्या मशीनीत मावलं नाही?

"असू दे," सोजराबाई म्हणाली. "एकेक लाव. मी वळखते."

मग ती रोज दुपारी यायची. मेंढरं रखमाजीवर सोडायची आणि माझ्याशेजारी मांडी घालून बसायची. पेपरवाल्या म्हाताऱ्यांनी कुरकुर केली तर म्हणाली, "तुमी कालचा पेपर आज वाचता, मी चाळीस वर्सांपूर्वीचं ऐकून राहिली. कुणाला घाई हाय?" एकदा तर एक गाणं लागलं आणि ती ढसाढसा रडायलाच लागली. "हीच, हीच माझी रूपाबाई!" मीही डोळे पुसले. गाणं संपलं, गाणारा खाकरला, आणि तो होता एक चांगला दणकट बाप्या, बाईच्या आवाजात गाणारा. सोजराबाईनं पदरानं नाक पुसलं. "आवाज चांगला हाय मेल्याचा," म्हणाली.

ऐकताना आम्ही एक मोठी चूक करत होतो. यादीत अंगाया आल्या की ती म्हणायची, "त्या सोड. पुढं चल." मी काहून म्हणून विचारलं तर म्हणाली, "रूपाबाईला लेकरू न्हवतं. तिला पाळण्यापाशी कोण उभं करतंय? बारशाला बोलवत न्हवते तिला. ती अंगाई कुठून म्हणंल?" मला ते पटलं. आमच्यासारख्या गावात राहिलेल्या कुणालाही पटलं असतं. मग आम्ही सगळ्या अंगाया सोडून बाकी यादी संपवली आणि रूपाबाई मिळाली नाही.

"न्हाई तर न्हाई," असं म्हणून सोजराबाई उठली. चपला हातात घेतल्या. माझा स्वभाव हा असा, हरायचं म्हटलं की अंगाचा तिळपापड होतो. मी म्हटलं, मावशी, बसा खाली. आता अंगायाच ऐकू. काय जातंय आपल्या बापाचं?

आणि अंगायांत ती सापडली. नोंद होती: अंगाई, परभणी जिल्हा, गायिका अनामिक आई. आधी मेंढरांचा कालवा ऐकू आला, मग एक जाडसर, न घाबरणारा आवाज.

घे गं माय, घे गं, तुझं न्हाई तरी घे गं
पान्हा तुझा, लेकरू कुणाचं, इचारू नको, घे गं

सोजराबाईनं स्पीकरवर हात ठेवला. "रूपे," एवढंच म्हणाली. ह्या खेपेला ती रडली नाही. गाणं संपेपर्यंत हात काढला नाही, आणि संपल्यावर असा आवाज चढवला की पेपरवाले म्हातारे दचकले. "अंगाई? कुण्या शहाण्यानं लिव्हलं अंगाई? आगं, हे मेंढीचं गाणं हाय! मेंढी मेली आणि पिल्लू मागं राहिलं, की ते दुसऱ्या मेंढीला लावावं लागतं. ती घेत न्हाई, लाथा मारती. मग पिल्लाच्या अंगाला मीठ चोळायचं, मेंढीला चाटू द्यायचं आणि हे म्हणत बसायचं. घटका घटका बसायचं. रूपाबाईनं लावलेलं पिल्लू कदी मेलं न्हाई."

मग त्या दिवशी रूपाबाईची सगळी कहाणी बाहेर आली. लेकरू नाही म्हणून घरात तिचं तोंड सकाळी कुणी बघत नसे. सासू म्हणायची, मेंढरं सुटायच्या आधी हिचं नाव घेऊ नका, लांडगा पडतो. म्हणून सगळे तिला "ए" म्हणायचे. नवरा जळबासुद्धा "ए" म्हणायचा. टेपवाल्या बाईनं नाव विचारलं तेव्हा मेंढरं अजून वाड्यात होती. सासू म्हणाली, आत्ता नका विचारू बाई, मेंढरं जाऊ द्या. नव्या नवरीनं, म्हणजे आमच्या सोजराबाईनं, दारातून ओरडून सांगितलं, "रूपाबाई नाव हाय तिचं!" तर सासूनं तिच्या कानाखाली आवाज काढला. मेंढरांच्या कालव्यात टेपवालीला ते नाव ऐकू गेलं नाही, आणि जीपला घाई होती. टेपवाली निघून गेली आणि नाव राहिलं ते राहिलंच. पुढं शहरातल्या कुणी टेप ऐकली असेल, त्यात माय ऐकली, लेकरू ऐकलं आणि लिहून टाकलं, अंगाई, अनामिक आई.

"तवा माझं कुणी ऐकलं न्हाई," सोजराबाई म्हणाली. "आता लिव्ह. त्या लोकांना लिव्ह की हिला नाव हाय."

मी लिहिलं. चांगलं सविस्तर, मुद्देसूद लिहिलं. उत्तर आलं: सूचनेबद्दल आभार, लोकगीतं सहसा निनावी असतात, तरीही बदल हवा असल्यास पुरावा जोडावा. पुरावा! रूपाबाई आधार कार्डाच्या आधीच गेली. रेशन कार्डावर जळबा होता. बाईनं आयुष्यभर "ए" ऐकलं, तिचा पुरावा मी कुठून आणू? आणि निनावी म्हणे! बारसं प्रत्येकीचं होतं. नाव असतं म्हणून तर ते गाळता येतं.

वाचनालयाचे अध्यक्ष रामप्रसादभाऊ. त्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी आम्हा दोघींना बोलावून घेतलं. माणूस वाईट नाही, पण सल्ला द्यायची फार हौस. "सोजराबाई, माझं ऐका," ते म्हणाले. "अंगाई म्हणून चार माणसं ऐकतील तरी. त्यात तुमच्या जावेचा मानच हाय. बिचारीला जिवंतपणी कुणी आई म्हटलं न्हाई, आता आपसूक म्हणून राहिलेत. कशाला खोदता? मेंढराचं गाणं म्हटल्यावर कोण ऐकंल?"

मी सोजराबाईकडे पाहिलं. मला वाटलं, ही आता गप्प होईल, कारण भाऊंचं बोलणं लागण्यासारखंच होतं. तिलाही ते लागलं. तिनं थोडा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"भाऊ," ती म्हणाली, "ज्याची मेंढी पिल्लू घेत न्हाई, त्यानं काय शोधायचं? अंगाई? त्याचं पिल्लू मरून जाईल की वो तवर! गाणं हाय कशासाठी? आणि मान म्हणता, तर बिननावाचा मान मला नको. तिला बी नको. तुमच्या बापाची पाटी लावली ना वाचनालयाला? तवा कुणी म्हणलं का, नाव कशाला, नुसतं 'एक बाप' लिव्हा?"

भाऊंनी चष्मा काढून पुसला. मी खिडकीकडे तोंड करून हसू दाबलं. "करा काय करायचं ते," भाऊ म्हणाले. "पण पुरावा कुठून आणणार?"

पुरावा वाड्यातच मिळाला. पुढच्याच आठवड्यात एक मेंढी विताना मेली. सोजराबाईनं मला सकाळी सकाळी निरोप धाडला, "मोबाइल चारजिंग करून घेऊन ये." मी गेले तेव्हा रखमाजीनं दुसरी मेंढी मानेला धरून ठेवली होती. तिचं स्वतःचं पिल्लू मेलेलं जन्मलं होतं, कास दुधानं ताणली होती, पण परक्या पिल्लाला ती लाथा झाडत होती. "लाव रूपाबाईला," सोजराबाई म्हणाली. मी तिच्या नातीच्या मोबाइलवर गाणं लावलं आणि माझ्या मोबाइलवर व्हिडिओ सुरू केला. मेंढीनं एकदा मोबाइलकडे बघितलं आणि पिल्लाला आणखी एक लाथ घातली.

"मशीनीचं ऐकंल व्हय ती!" सोजराबाई करवादली. तिनं पिल्लाच्या अंगाला मीठ चोळलं, ते मेंढीच्या तोंडाशी धरलं आणि मोबाइलमधल्या रूपाबाईच्या आवाजात आपला आवाज मिसळला. घे गं माय, घे गं. चाल तीच, हेल तोच. दोघी जावा गात होत्या. रूपाबाईचं संपलं की मी पुन्हा लावायची. माझा हात भरून आला, उन्हं वर आली, रखमाजीनं मान सोडली नाही. शेवटी मेंढीनं पिल्लाची पाठ चाटली. मग पुन्हा चाटली. मग पिल्लू गुडघे टेकून कासेला लागलं आणि त्याची शेपटी हलायला लागली. मी ते सगळं माझ्या मोबाइलमध्ये घेतलं होतं. घेताना मीच रडत होते, तेही त्यात आलंय, काढता येत नाही.

ते मी संस्थेला पाठवलं. वर लिहिलं, हा पुरावा. अंगाई ऐकून कोणतं लेकरू असं करतं ते कळवावं.

ह्या खेपेला कागद आला नाही, मी सोजराबाईच्या घरी असताना फोन आला. सीमा मॅडम म्हणून होत्या, नोंदी करणाऱ्या. आवाज तरुण होता आणि त्या आधीच माफी मागून मोकळ्या झाल्या, त्यामुळं माझी भांडायची तयारी वाया गेली. म्हणाल्या, हजारो टेपा आहेत, माणसं थोडी, टेपांच्या डब्यांवर जे होतं ते जसंच्या तसं चढवलं. तुम्ही सांगाल तशी नोंद आत्ताच दुरुस्त करते. मी फोन स्पीकरवर टाकून सोजराबाईपुढं धरला.

"गायिकेचं पूर्ण नाव सांगा. पतीचं नाव?"

जळबा म्हणजे सोजराबाईचा भासरा, थोरला दीर. भासऱ्याचं नाव आमच्याकडे बाई घेत नाही. मला वाटलं, आता रखमाजीला हाक मारावी लागणार. पण सोजराबाईला त्याची गरजच नव्हती.

"गाणं त्यानं म्हटलं का? नुसतं रूपाबाई लिव्हा. गाव माळसावंगी."

"विषय काय लिहू?"

इथं मी तोंड घातलं, कारण हे माझं काम. मी म्हटलं, मॅडम, लोकं जे बोलतात ते लिहा. मेंढी पिल्लू घेत नाही, असं लिहा. पोरकं पिल्लू, कोकरू, पिल्लू लावणं, मीठ चोळणं. जिल्हा परभणी लिहा आणि हिंगोलीही लिहा, म्हणजे जुना माणूस शोधेल त्याला मिळेल आणि नवा शोधेल त्यालाही. बाकीच्या अनामिक बायांचीही यादी धाडा, आम्ही वाचनालयवाल्या विचारत जातो. त्या भराभर लिहून घेत होत्या, मागं बटणांचा आवाज येत होता.

"झालं," सीमा मॅडम म्हणाल्या. "अंगाई काढलं. आता ते 'अनामिक आई' पण काढून टाकते."

"थांबा!" सोजराबाई म्हणाली. "अनामिक काढा. आई राहू द्या."

मागचा बटणांचा आवाज थांबला. "पण आजी, तुमच्या पहिल्या पत्रात लिहिलंय ना, त्यांना मूल नव्हतं म्हणून."

"पोटचं न्हवतं," सोजराबाई म्हणाली. "तसं लिव्हायला जागा हाय का तुमच्याकडं? न्हाई ना? मग राहू द्या. बराबर हाय ते."

रखमाजी उंबऱ्यात बसला होता. त्या दिवसाचं त्याचं वाक्य अजून शिल्लक होतं. "मला बी वैनीनंच वाढवलं," तो म्हणाला आणि उठून मेंढरांकडे गेला.

नोंद आता तशी आहे. कुणीही मोबाइलवर "मेंढी पिल्लू घेत नाही" असं बोलून शोधलं, की सरकारी योजनांच्या वर आधी ती येते: रूपाबाई, आई, माळसावंगी. परवा कनेरगाव नाक्याच्या पलीकडून कुण्या धनगराच्या सुनेचा मला फोन आला होता, मीठ जाडं घ्यायचं की बारीक म्हणून. मी सोजराबाईला विचारून सांगितलं. जाडं.

सोजराबाईनं नातीकडून ते गाणं स्वतःच्या मोबाइलवर घेतलंय. पण ती नुसतं ऐकत नाही. तिला लिहिता येत नाही, म्हणून रोज पहाटे वाड्याच्या तोंडाशी उभी राहते, मोबाइल तोंडापुढं धरते आणि शेजारपाजार जागा होईल एवढ्यानं ओरडते, "रूपाबाई!" मोबाइल शोधतो, गाणं लागतं. शेजारची सखुबाई एकदा म्हणाली, अगं, सकाळच्या पारी, मेंढरं अजून आत हायेत, जरा सुटू दे तरी. सोजराबाईनं तिच्याकडे बघत आणखी मोठ्यानं ते नाव घेतलं, आणि मग वाड्याचं फाटक उघडलं.